मॉरिशसला निघालात? आधी अजिंक्यतारा चढा

दिवाळी आणि मे महिना आला की साताऱ्यात कुणी ना कुणी मॉरिशसला निघालेलं असतं. परत आल्यावर फोटो दाखवतात: निळंशार पाणी, पांढरी वाळू, हॉटेलचा पोहण्याचा तलाव. मी हमखास विचारते, "डोंगर कोणता चढलात?" आणि बहुतेक वेळा उत्तर येतं, "तिथे डोंगर आहेत होय?"

मी शाळेत भूगोल शिकवते, म्हणून हे उत्तर मला फार लागतं. मॉरिशस हा समुद्रातून वर आलेला ज्वालामुखीचा डोंगर आहे आणि किनारा म्हणजे त्या डोंगराचा नुसता पायथा. सहा-सात दिवस पायथ्याशी बसून परत यायचं हे घाटावरच्या माणसाला शोभत नाही. मी दोनदा जाऊन आले. पहिल्या खेपेला काय चुकलं आणि दुसऱ्या खेपेला काय जमलं, त्यावरून हे सगळं लिहिते आहे. पहिल्यांदाच परदेशी निघालेल्या कुटुंबांना ते उपयोगी पडावं.

तो दगड आपल्या नात्यातला आहे

साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हिंदुस्थानचा भूभाग सरकत सरकत पृथ्वीच्या पोटातल्या एका तप्त जागेवर आला आणि जमिनीला भेगा पडून लाव्हारस थरांवर थर पसरत गेला. सह्याद्री त्यातून घडला. अजिंक्यताऱ्याचा, सज्जनगडाचा, यवतेश्वरचा काळा कातळ तोच. पुढे आपला भूभाग उत्तरेकडे सरकला, ती तप्त जागा मात्र खालीच राहिली. तिच्यावरून समुद्राचा तळ सरकत गेला तशी लक्षद्वीप-मालदीवच्या खालची डोंगररांग तयार झाली, मग सुमारे ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी मॉरिशस वर आलं, आणि त्यानंतर शेजारचं रियुनियन. रियुनियनवरचा ज्वालामुखी आजही धगधगतो. मॉरिशसवरचे ज्वालामुखी हजारो वर्षांपासून शांत आहेत, तेव्हा घरच्यांनी घाबरण्याचं कारण नाही.

हे नातं हातात घेऊन बघता येतं. मॉरिशसच्या वाटेवरचा कुठलाही काळा दगड उचला, त्याला बारीक बारीक छिद्रं दिसतील. लाव्हा थंड होताना त्यातल्या वायूचे बुडबुडे तिथे अडकले होते. आपल्याकडच्या दगडातही अशीच छिद्रं होती, पण कोट्यवधी वर्षं पाणी झिरपून ती पांढऱ्या खड्यांनी भरली. घाटात रस्ता फोडतात तेव्हा काळ्या दगडात चमकणारे पांढरे डोळे दिसतात ना, ते हेच. तिकडच्या दगडाचं वय कमी, म्हणून त्याचे डोळे अजून रिकामे. माझ्या पुतण्याने ल मॉर्न नावाच्या तिथल्या डोंगराच्या वाटेवर असा दगड पाच मिनिटं निरखला आणि जागच्या जागी ठेवून दिला. दगड, वाळू, पोवळं यांतलं काही सोबत आणायचं नाही, हे त्याला निघण्यापूर्वीच सांगून ठेवलं होतं.

कधी जायचं

मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला, त्यामुळे ऋतू उलटे. मे ते ऑक्टोबर तिथला हिवाळा: हवा कोरडी, ऊन सोसवणारं. नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा, आणि त्यातही जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचे दिवस. वादळाचा इशारा एक ते चार अशा श्रेणींत देतात. श्रेणी वाढत गेली की दुकानं, बस, सगळं बंद होत जातं आणि तुम्ही हॉटेलात अडकून पडता. डोंगर चढायचे असतील तर मेची सुट्टी किंवा ऑक्टोबर उत्तम. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये छत्री मिटवायची सोय नसते, तेव्हा तिथे ट्रेकिंगला झकास हवा असते.

एक गोष्ट मात्र सातारकरांना चटकन कळेल. महाबळेश्वरला कोसळणारा पाऊस माण-खटावात पोचेपर्यंत संपलेला असतो. तिथेही तेच, फक्त सगळं वीस-पंचवीस किलोमीटरांत. वारा आग्नेयेकडून येतो आणि मधल्या पठारावर पाऊस टाकून पश्चिमेला कोरडा उतरतो. म्हणून पठारावरचं क्युरपिप गाव कायम ओलं आणि गारठलेलं, तर पश्चिमेचा फ्लिक-आँ-फ्लाक, तामारँ हा किनारा उन्हात. क्युरपिपला पाऊस लागला म्हणून दिवस फुकट गेला असं समजू नका, गाडी पश्चिमेला वळवा. अर्ध्या तासात ऊन भेटतं.

निघण्यापूर्वीचा महिना

पर्यटनासाठी भारतीयांना आधीपासून व्हिसा काढावा लागत नाही, पण परतीचं तिकीट, राहण्याचं बुकिंग आणि खर्चाला पुरेसे पैसे दाखवता आले पाहिजेत. प्रवासापूर्वी त्यांचा ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो. नियम बदलतात, म्हणून तिकीट काढतानाच सरकारी संकेतस्थळावर एकदा बघून घ्या. कागदांच्या छापील प्रती जवळ ठेवा. रांगेत उभं असताना मोबाइल नेमका झोपतो.

औषधांकडे विशेष लक्ष द्या. तिथले अमली पदार्थांचे कायदे कडक आहेत. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या, झोपेच्या गोळ्या आपल्याकडे घरोघरी असतात. त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पिशवीत टाकू नका. नेहमीची औषधंही डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, मूळ वेष्टनातच न्या. ताजी फळं, बियाणं, रोपं अजिबात नेऊ नका. कुणी सांगितलं की आमच्या अंगणातल्या हापूसची पेटी तिकडच्या ओळखीच्यांना द्या, तर नम्रपणे नाही म्हणा. प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, दोन कापडी पिशव्या घ्या.

आता पायांची तयारी. चार आठवडे पुरतात. पहिला आठवडा रोज सकाळी अजिंक्यतारा, रमतगमत. दुसऱ्या आठवड्यात पाठीवर दोन लिटर पाणी घेऊन तोच चढ. तिसऱ्या आठवड्यात एकदा सज्जनगडाच्या पायऱ्या, एकदा जरंडेश्वर. चौथ्या आठवड्यात, वनखात्याने वाट खुली ठेवली असेल तर, बामणोलीहून होडीने जाऊन वासोटा. वासोट्याहून धापा न टाकता उतरलात तर मॉरिशसचा कुठलाही नेहमीचा डोंगर तुम्हाला भारी पडणार नाही. बूट नवे घेणार असाल तर याच महिन्यात घ्या आणि इथेच झिजवा. पहिल्या खेपेला आम्ही विमानात बसण्याच्या आदल्या दिवशी घेतलेले बूट घालून गेलो. दुसऱ्याच दिवशी माझ्या टाचेला फोड आला आणि पुढचे तीन दिवस चपलेत गेले.

सामानात दोन जोड्या लागतातच: पकड असलेले डोंगराचे बूट आणि पाण्यात घालायचे रबरी बूट. त्यांची गरज पुढे सांगते. शिवाय पूर्ण बाह्यांचा पातळ सदरा, टोपी, पठारासाठी एक विंडचीटर आणि तीन चौकोनी पिनांचा अ‍ॅडॉप्टर.

मुक्काम कुठे करायचा

सगळा बेत इथे ठरतो आणि बहुतेकांचा इथेच फसतो. बेट सातारा जिल्ह्याच्या पाचव्या हिश्श्याहूनही लहान. उत्तर-दक्षिण साधारण ६५ किलोमीटर, पूर्व-पश्चिम ४५. नकाशावर सगळं हाकेच्या अंतरावर वाटतं, पण रस्ते अरुंद, गावागावांतून जाणारे आणि संध्याकाळी भरलेले. पॅकेजवाले बहुधा उत्तरेला ग्राँ-बेच्या आसपास ठेवतात. तिथे बाजार आहे, गजबज आहे, पण मोठे डोंगर नैऋत्येला. रोज दीड तास जाणं आणि दीड तास येणं होतं. डोंगर बघायचे असतील तर फ्लिक-आँ-फ्लाक, तामारँ किंवा ब्लॅक रिव्हरच्या बाजूला मुक्काम मागून घ्या. हिवाळ्यात पूर्व किनाऱ्यावर वारा भणाणतो, पश्चिम शांत असते, हा आणखी एक फायदा.

साताऱ्याहून मुंबई विमानतळ अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर. खंबाटकीत अडकण्याची शक्यता धरून सात तास हाताशी ठेवा. मुंबईहून थेट विमानाला सहा-साडेसहा तास लागतात आणि घड्याळ दीड तास मागे घ्यायचं असतं. विमानतळ बेटाच्या आग्नेय टोकाला आहे. तिथेच सिमकार्ड घ्या आणि थोडे पैसे बदला. त्यांचं चलनही रुपयाच, पण आपल्या रुपयापेक्षा महाग. किमतीच्या पाटीवरचा आकडा बघून स्वस्त म्हणू नका.

गाड्या डाव्या बाजूने चालतात, आंतरराष्ट्रीय परवाना काढला असेल तर स्वतः चालवता येते. चार-पाच जण असाल तर दिवसभरासाठी चालकासह गाडी बरी. बस स्वस्त आणि चांगली, पण संध्याकाळनंतर झपाट्याने कमी होते. जून-जुलैत पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. डोंगरावरून चारपर्यंत खाली, हा नियम मोडू नका.

डोंगर, सोप्याकडून अवघडाकडे

पहिल्या दिवशी फार धावपळ न करता क्युरपिपचं त्रू-ओ-सेर्फ बघा. हे ज्वालामुखीचं मुख आहे, सुमारे ८० मीटर खोल, आता झाडांनी भरलेलं. कडेकडेने रस्ता आहे, आजी-आजोबाही फेरी मारू शकतात. तिथून ग्राँ-बासँ म्हणजे गंगा तलाव. तोही ज्वालामुखीच्या मुखात साठलेला तलाव. काठावर ३३ मीटर उंचीचा शंकराचा पुतळा आहे आणि महाशिवरात्रीला बेटभरातून लोक कावडी घेऊन चालत येतात. माकडं धीट आहेत, हातात प्रसाद उघडा ठेवू नका.

दुसऱ्या दिवशी ब्लॅक रिव्हर शिखर. हे बेटावरचं सर्वात उंच, ८२८ मीटर. इथे आकड्याने फसायला होतं. वाट पठारावरच्या रस्त्यावरूनच सुरू होते, त्यामुळे प्रत्यक्ष चढ थोडाच. नऊ-दहा किलोमीटरची येऊन-जाऊन चाल, मुळांनी भरलेली, पावसात निसरडी. शेवटचा टप्पा तेवढा खडा. हे सगळं ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानात येतं. १९७४ साली रानात फक्त चार उरलेला मॉरिशस केस्ट्रेल नावाचा लहान ससाणा लोकांनी मेहनतीने वाचवला, तो या उद्यानात दिसू शकतो. आम्हाला दिसला नाही, पण गुलाबी कबुतर दिसलं. तेही असंच वाचवलेलं. वाटेत लाल, बोराएवढ्या पेरूंची झुडपं लागतील. हा पेरू बाहेरून आलेला आहे आणि मूळच्या झाडांना त्याने जेरीस आणलंय. चव आंबटगोड. कास पठारावर फुलांमध्ये पाय टाकू नका म्हणून आपण पर्यटकांना सांगतो, ते इथे आपणच लक्षात ठेवायचं: पायवाट सोडायची नाही.

ल मॉर्न ब्राबाँची उंची ५५६ मीटरच, म्हणून लोक हलक्यात घेतात. पण तो समुद्राच्या पातळीपासून चढायचा असतो आणि शेवटचा भाग सरळ कातळाचा आहे, हाताने धरत, जिथे दोर आहे तिथे त्याचा आधार घेत. पहिला टप्पा रुंद, सावलीचा आणि कुणालाही जमणारा. तो संपतो तिथून खालचं किनाऱ्यालगतचं उथळ पाणी फिरोजी रंगाचं दिसतं. घरात कुणाला उंचीची भीती असेल तर त्यांना तिथेच बसवा, त्यांचं काही चुकत नाही. वर जायचं असेल तर स्थानिक वाटाड्या घ्या आणि सकाळी उजाडताच निघा. दहानंतर कातळ तापतो. रात्री पाऊस झाला असेल तर बेत रद्द.

हा डोंगर २००८ साली जागतिक वारशात आला तो देखाव्यासाठी नाही. पळून आलेले गुलाम याच्या कपारींत लपून राहत. १ फेब्रुवारी १८३५ला गुलामगिरी संपली. ती बातमी सांगायला शिपाई आले, ते आपल्याला धरायलाच आले असं वाटून वरच्या माणसांनी कड्यावरून उड्या घेतल्या, असं तिथे सांगतात. आमचा वाटाड्या हे सांगताना टोपी काढून उभा राहिला. आम्हीही राहिलो.

चौथा पर्याय ल पूस, म्हणजे अंगठा, ८१२ मीटर. उसाच्या रानातून सुरू होणारी वाट आणि माथ्यावर खरंच अंगठ्यासारखा कातळ. १८३६ साली चार्ल्स डार्विन याच डोंगरावर चढला होता. वरून राजधानी पोर्ट लुई आणि बंदर दिसतं. वेळ कमी असेल तर ब्लॅक रिव्हर शिखर वगळून हाच करा, कारण उसातून चालण्यासारखा दुसरा अनुभव तिथे नाही. रानाच्या मधोमध काळ्या दगडांचे मनोऱ्यासारखे रचलेले ढीग दिसतात. जमीन लागवडीला आणताना मजुरांनी हाताने वेचलेले दगड आहेत ते. कृष्णाकाठी ऊस करणाऱ्या माणसाने त्या ढिगाशेजारी क्षणभर उभं राहावं. एकेक दगड दोन हातांत न मावणारा आहे.

शामारेलची सात रंगांची माती सगळेच बघतात, तुम्हीही बघाल. ती काळ्या दगडाची झिजून झालेली माती आहे, लोह आणि अ‍ॅल्युमिनियमच्या संयुगांमुळे तांबडी, जांभळी, पिवळी दिसते. आपला महाबळेश्वर-पाचगणीचा जांभाही काळ्या दगडापासून असाच झाला. सकाळच्या तिरप्या उन्हात रंग खुलतात, भर दुपारी फिके पडतात. शेजारचा धबधबा वरूनच बघायचा.

समुद्रात उतरताना

आपल्यापैकी बरेच जण विहिरीत नाहीतर कृष्णेत पोहायला शिकलेले. समुद्राची गोष्ट वेगळी. बेटाभोवती प्रवाळाची भिंत आहे, तिच्या आतलं पाणी उथळ आणि शांत. पण त्या भिंतीला जागोजागी खिंडी आहेत आणि आतलं पाणी त्या खिंडींतून जोराने बाहेर ओढलं जातं. खिंड कुठे आहे ते हॉटेलात विचारल्याशिवाय लांब पोहत जायचं नाही. दक्षिणेला ग्री-ग्रीजवळ भिंतच नाही, तिथे खडकावरून लाटा बघायच्या आणि पाण्यात पाऊल टाकायचं नाही.

रबरी बूट लागतात ते स्टोनफिश नावाच्या विषारी माशासाठी आणि काटेरी समुद्री साळूंसाठी. हा मासा तळाशी हुबेहूब दगडासारखा पडून असतो. काटा लागला तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवा आणि लगेच दवाखाना गाठा. रुग्णवाहिकेचा क्रमांक ११४, तो आधीच मोबाइलमध्ये टाकून ठेवा.

पोहता येत नसेल तर ब्लू बे सागरी उद्यानात काचेच्या तळाची होडी घ्या, पोवळी आणि मासे बसल्या जागी दिसतात. जवळच्या इल-ओ-एग्रेत या राखीव बेटावर मोठी कासवं मोकळी फिरतात. डॉल्फिनच्या सहलीबद्दल मात्र मनापासून सांगते. पहिल्या खेपेला आम्ही किनाऱ्यावर भेटलेल्या एकाच्या होडीत बसलो. पंधरा-वीस होड्यांनी एका कळपाला घेरलं होतं, आमचा होडीवाला त्यांच्या अंगावरच घालत होता आणि एक पिल्लू आईच्या पोटाखाली लपत होतं. माझी बहीण म्हणाली, "ताई, चल परत." होडीवाल्याने ऐकलं नाही. दुसऱ्या खेपेला पर्यटन खात्याचा परवाना बघून, अंतर राखणार का हे विचारून होडी ठरवली. डॉल्फिन लांबून दिसले, पण निवांत दिसले. पैसे देण्यापूर्वी परवाना आणि प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट, या दोन गोष्टी मागा.

खाणं

शाकाहाऱ्यांची उपासमार होत नाही. रस्त्यावरच्या गाड्यावर दाल-पुरी मागा. वाटलेल्या पिवळ्या डाळीची पातळ पोळी, आपल्या पुरणपोळीची बिनगुळाची बहीणच. एकावर एक दोन ठेवून त्यात पांढऱ्या घेवड्याची रस्सेदार उसळ, टोमॅटोची चटणी आणि हिरवी मिरची घालतात, कागदात गुंडाळून हातात देतात. उभ्याउभ्या खायची. रस कोपरापर्यंत ओघळतो. गातो-पिमाँ म्हणजे डाळीची छोटी तिखट भजी, सकाळी लवकर मिळतात. डोंगरावर जाताना हीच न्या. बोलीभाषा क्रिओल, "बोंझूर" आणि "मेर्सी" एवढ्यावर चेहरे खुलतात. इंग्रजी बहुतेकांना येतं आणि बऱ्याच जणांना हिंदीही.

शेवटचा दिवस

शेवटचा दिवस पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटासाठी राखा. २ नोव्हेंबर १८३४ला कलकत्त्याहून आलेल्या जहाजातून ३६ मजूर उतरले, आणि पुढे याच बंदरात साडेचार लाखांहून जास्त माणसं करारावर आणली गेली. मुंबईहूनही जहाजं जात. कोकणातली आणि घाटावरची मराठी माणसं त्यांतून आली. गणेशचतुर्थीला आज तिथे सरकारी सुट्टी असते, शाळेत मराठी शिकवली जाते आणि गणपतीत झाकरी नाचतात, आपल्या कोकणातली जाखडीच ती. आम्ही एका गणपतीच्या देवळात गेलो होतो. तिथल्या एका आजींना आम्ही साताऱ्याचे म्हणून सांगितलं. त्यांना मराठी बोलायला फारसं जमत नव्हतं. त्यांनी माझा हात धरला आणि "सुखकर्ता दुखहर्ता" सुरू केली, शेवटच्या कडव्यापर्यंत, एकही शब्द न चुकता.

आप्रवासी घाटावर काळ्या दगडाच्या पायऱ्या आहेत, जहाजातून उतरलेली माणसं त्याच चढून आत यायची. पहाटेचं विमान असेल तरी आदल्या दुपारी दोन तास इथे द्या. तुमच्या घराण्यात कुणी पणजोबांचा भाऊ दर्यापार गेला आणि परतलाच नाही अशी गोष्ट सांगत असतील, तर निघण्यापूर्वी घरातल्या म्हाताऱ्यांकडून त्याचं नाव, बापाचं नाव, गाव आणि अंदाजे साल लिहून घ्या. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत या मजुरांच्या नोंदी जपून ठेवल्या आहेत. नाव वेगळ्याच स्पेलिंगने लिहिलेलं असतं, म्हणून गावाचं नाव जास्त कामाला येतं.